चार माणसं, चार संगणक आणि नानांच्या ओव्या

आमच्या घरात संगणकातलं कोणालाच विशेष कळत नाही. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात कॉमर्स शिकवते. नवरा घरूनच लोकांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं बघतो. सासरे, म्हणजे नाना, निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. लेक पुण्यात डिझाइन शिकते. आज या घरात विंडोज १०, विंडोज ११, लिनक्स मिंट आणि मॅकओएस अशा संगणक चालवणाऱ्या चार प्रणाली एका वायफायवर नांदतायत. हे काही ठरवून झालं नाही. एका तारखेने आम्हाला ढकललं.

ती तारीख १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवसानंतर विंडोज १० ला सुरक्षेचे फुकट अपडेट मिळणार नव्हते. गणपतीच्या दिवसांत नानांच्या लॅपटॉपवर तशी सूचना यायला लागली आणि नाना रोज विचारायला लागले, "अगं, हा बंद पडणार म्हणतोय. माझ्या ओव्यांचं काय?"

ओव्यांबद्दल आधी सांगते, कारण बाकीचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. नानांच्या आई जात्यावर ज्या ओव्या म्हणायच्या त्या, आणि त्यांच्या गावच्या इतर बायकांकडून मिळालेल्या, नानांनी वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी त्या टाइप केल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या घरात शिरलं तेव्हा वह्या खालच्या कपाटात होत्या. लॅपटॉप मात्र कोणीतरी वर नेला होता. त्यामुळे एकसष्ट फाइली हीच काय ती शिल्लक.

अनंत चतुर्दशी झाल्यावर, १४ सप्टेंबरच्या रविवारी, मी घरातले सगळे संगणक तपासले. पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं अ‍ॅप आहे, ते सांगतं की विंडोज ११ चालेल की नाही. माझा लॅपटॉप २०२१ चा, त्यावर ११ आधीपासूनच होतं. नानांचा २०१६ चा, सहाव्या पिढीचा प्रोसेसर, तो नापास. नवऱ्याचा डेस्कटॉप सातव्या पिढीचा, तोही नापास. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. दोन्ही संगणक तसे ठणठणीत होते, पण नियमात बसत नव्हते.

नवीन लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस हजारांच्या आसपास. नाना म्हणाले, "मला टाइप करायचंय आणि नातीशी बोलायचंय, त्याला चाळीस हजार?" लेकीने फोनवर लिनक्स मिंटचं नाव सांगितलं, विंडोजऐवजी त्याच संगणकावर चालणारी प्रणाली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि दोन जीबी रॅमवरही ते कसंबसं चालतं, चार असेल तर बरं. नानांच्या लॅपटॉपला चार होती.

पण मी एक ठरवलं. जे आपल्याला येत नाही ते नानांच्या गळ्यात घालायचं नाही. आधी माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी मिंट बसवायचं, दोन आठवडे वापरायचं, मगच नानांचं. हा निर्णय बरोबर होता, पण सगळा मनस्ताप त्यातूनच झाला.

पहिलं काम बॅकअप. २१ तारखेला बसणार होते तर नवरा म्हणाला, "आज सर्वपित्री. आजच काढतेस का नवं काम?" तो थट्टाच करत होता, पण मलाही तेवढंच निमित्त मिळालं. घटस्थापनेच्या रात्री बसले. नानांच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर, अशा दोन ठिकाणी. त्यानंतर प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ काढली. एकसष्ट फाइलींना दोन संध्याकाळी लागल्या. हे कंटाळवाणं आहे, पण जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर ही पायरी गाळू नका. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर आहे तशी दिसते. याचं मोल मला तीन आठवड्यांनी कळलं.

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची आहे. ती रुफस नावाच्या अ‍ॅपने ३८० रुपयांच्या ३२ जीबी पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते पुसलं जातं, हे अ‍ॅप विचारतं, पण आपण वाचत नाही. माझे बारावीचे दोन वर्षांचे प्रश्नसंच गेले. ते मेलमध्ये होते म्हणून वाचले.

शनिवार, २७ सप्टेंबर. एका व्हिडिओत सांगितलं होतं की आधी सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी प्रणालीला अडवणारी सोय, बंद करा. लॅपटॉप सुरू होताना एफ-२ दाबून मी आतल्या सेटिंगमध्ये गेले आणि ते बंद केलं. पेनड्राइव्ह लावायचा राहिला होता, त्यामुळे लॅपटॉप विंडोजकडेच गेला आणि पडदा निळा झाला. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की टाका.

मला बिटलॉकर हा शब्दच माहीत नव्हता. नंतर समजलं की हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्याची किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये काही बदललं की यंत्राला चोराचा संशय येतो आणि ते किल्ली मागतं. चुकीचं काहीच नाही त्यात. प्रश्न असा होता की माझं खातं कुठलं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने "मॅडम, मी करून देतो" म्हणत ते उघडलं होतं. ईमेल माझा, पण पासवर्ड मला ठाऊक नाही आणि फोन नंबर माझा जुना, जो मी २०२२ मध्ये सोडला.

रात्री अकराला मी खातं परत मिळवायचा अर्ज भरला. पूर्वीचे पासवर्ड कोणते, अलीकडे कोणाला मेल पाठवलेत, विषय काय होते, असे प्रश्न. पहिला अर्ज नामंजूर. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शेजारी बसून दुसरा भरून घेतला, तो मंजूर झाला. पण जुना नंबर काढून नवा घालायचा तर ३० दिवस थांबा, असं उत्तर आलं. तीस दिवस! माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या.

त्या दोन दिवसांत मी घरात कोणाशी धड बोलले नाही. नाना सारखे दारातून डोकावायचे आणि न विचारताच परत जायचे. सोमवारी कॉलेजातल्या प्रयोगशाळा सहायकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, जे बंद केलंत ते परत चालू करा की."

घरी येऊन सिक्युअर बूट चालू केलं. विंडोज काही न विचारता उघडलं.

म्हणजे किल्लीची गरजच नव्हती, यंत्राला ओळखीची सेटिंग परत हवी होती. आणखी गंमत अशी की मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही माझ्या लॅपटॉपवर बसलं, म्हणजे ते बंद करायचीही गरज नव्हती. तुम्ही हे करणार असाल तर एवढं ऐका. कशालाही हात लावण्याआधी, विंडोज चालू असतानाच, डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असेल तर किल्ली कागदावर उतरवून घ्या. आणि आपलं खातं, त्याचा नंबर आणि पासवर्ड एकदा तपासा, मग मिंट बसवा अगर नका बसवू. मी एन्क्रिप्शन सरळ बंद केलं, कुलूप निघायला दीड तास लागला. लॅपटॉप रोज बाहेर नेत असाल तर काम झाल्यावर ते पुन्हा चालू करण्याचा विचार करा, पण त्या वेळी किल्ली हाताशी ठेवून.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. दरवर्षीप्रमाणे नवऱ्याने कॅल्क्युलेटर, स्टेपलर आणि डेस्कटॉपला झेंडू वाहिला. मी माझ्या लॅपटॉपला जरा जास्तच हळद लावली असावी. दसऱ्याला सुट्टी होती, तेव्हा बसवायला घेतलं.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की मिंट काहीही न बसवता तसंच वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय ना ते इथेच बघून घ्यायचं. माझं सगळं चाललं. बसवायला गेले तर सूचना आली की इंटेल आरएसटी चालू आहे, ते आधी बंद करा. हे डिस्क हाताळायच्या एका पद्धतीचं नाव आहे. ती थेट बदलली तर विंडोज उठत नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघड म्हणून सांगायचं, मग आतल्या सेटिंगमध्ये आरएसटीच्या जागी एएचसीआय निवडायचं, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्यायचं आणि मग सेफ मोड काढायचा. यावेळी मी प्रत्येक पायरी वहीत लिहून, समोर ठेवून केली. पंधरा मिनिटांत झालं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ८० जीबी जागा रिकामी केली, इन्स्टॉलरला 'विंडोजच्या शेजारी बसव' म्हणून सांगितलं आणि सोनं वाटून परत येईपर्यंत मिंट बसलंसुद्धा.

आता लॅपटॉप लावला की काळ्या पडद्यावर यादी येते, मिंट की विंडोज. दहा सेकंद वाट बघून तो मिंटकडे जातो. नवऱ्याने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्याला वाटलं पुन्हा बिघडला.

शनिवारी रात्री आठ वाजता मी विंडोज उघडलं तर घड्याळात दुपारचे अडीच. नीट केलं. मिंटमध्ये जाऊन परत आले, पुन्हा साडेपाच तास मागे. साडेपाच म्हटल्यावर मात्र डोक्यात प्रकाश पडला. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. यंत्राच्या आत बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून वाचतं. दोघांनी आळीपाळीने एकच भिंतीवरचं घड्याळ आपापल्या हिशेबाने लावावं तसं. मिंटला एका ओळीच्या आज्ञेने सांगता येतं की इथलीच वेळ ठेव. तेव्हापासून तक्रार नाही.

दुसरी अडचण फास्ट स्टार्टअपची. विंडोज बंद केलं तरी ते पूर्ण झोपत नाही, त्यामुळे मिंटमधून विंडोजच्या फाइली वाचता येतात पण त्यात बदल करता येत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती खूण काढली.

आता नानांची पाळी. इथे मी एक गोष्ट वेगळी केली आणि त्याचा मला आजही आनंद आहे. त्यांची जुनी फिरती हार्ड डिस्क पुसली नाही. ती काढून ३५० रुपयांच्या एका डबीत घातली आणि कपाटात ठेवली. तिच्यात विंडोज, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं. लॅपटॉपमध्ये नवा ५०० जीबी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातला, २,९०० रुपये, आणि चार जीबी रॅम वाढवली, १,४००. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने बसवायचे ३०० घेतले. पेनड्राइव्ह धरून सगळे मिळून ५,३३०. काही चुकलं तर जुनी डिस्क परत लावायची, हे नानांना दाखवलं तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

११ ऑक्टोबरच्या शनिवारी बसवायचं ठरलं. त्याच दिवशी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख, त्यामुळे नवरा दुसऱ्या खोलीत डोकं धरून बसलेला आणि मी इकडे. वायफाय लागेना. फोन यूएसबी केबलने जोडला, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने हवा तो ड्रायव्हर शोधून आणला. तासाभरात सगळं तयार. पूर्वी सुरू व्हायला चार मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडायला लागला.

मग पहिली ओव्यांची फाइल उघडली आणि पडद्यावर निव्वळ कचरा. रोमन अक्षरं, टिंबं, चिन्हं. नाना काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसायला लागले.

त्यांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या पिढीतल्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठत नाही. इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे भरलेले असतात, काना, वेलांटी, अर्धा स. फॉन्ट आहे तोवर ते मराठी दिसतं, फॉन्ट गेला की मूळचे खण उघडे पडतात. मजकूर गेलेला नव्हता, त्याचा मुखवटा गेला होता. मी घाईने पीडीएफ उघडून दाखवल्या, त्या व्यवस्थित दिसल्या. नानांनी चष्मा लावला. मग जुन्या डिस्कवरून त्यांनी विकत घेतलेल्या पॅकेजचे फॉन्ट मिंटमध्ये आणले आणि मूळ फाइलीही वाचता यायला लागल्या.

वाचता आल्या, पण त्यात नवीन काही लिहिता येत नव्हतं. ते पॅकेज डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवर, चालायचं आणि डोंगल पुरात गेलं. तेव्हापासून नाना नवीन मजकूर युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टने लिहितात. हे मात्र आमचं नशीब, कारण इनस्क्रिप्ट हा १९८६ पासूनचा सरकारी ठरीव कळफलक आहे आणि तो विंडोज, मिंट, मॅक तिन्हीकडे सारखाच. यंत्र बदललं तरी नानांच्या बोटांना काही कळलं नाही. मी रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणारी, मला मिंटमध्ये सवय व्हायला आठवडा लागला. लिबरऑफिस या वर्डसारख्या अ‍ॅपमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली आणि फॉन्ट नोटोचा घेतला तेव्हा 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसायला लागले. नाना म्हणाले, "हा आमच्या बालभारतीतला ल."

नवऱ्याच्या डेस्कटॉपला मी हात लावला नाही. एक संध्याकाळ त्याच्या डिजिटल सहीचा टोकन मिंटवर चालवून पाहिला. यंत्राला तो दिसतो, पण सही करणाऱ्या सॉफ्टवेअरशी त्याची गाठ घालून देणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ज्याचं पोट त्या यंत्रावर आहे त्याच्यावर प्रयोग कशाला? १३ ऑक्टोबरला, म्हणजे आदल्या दिवशी, आम्ही वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली. विंडोज अपडेटच्या पानावर दुवा येतो. तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे एक हजार रिवॉर्ड्स पॉइंट द्या, किंवा सेटिंगचा बॅकअप खात्यात चालू करा, असे तीन पर्याय. तिसरा फुकट, तो घेतला. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. या वेळी ते नवऱ्याने स्वतः उघडलं आणि पासवर्ड तिजोरीतल्या डायरीत लिहिला. ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

वसुबारसेला लेक मॅकबुक घेऊन आली. तिला नानांच्या पाडव्याच्या फोटोंसाठी जागा हवी होती, म्हणून तिने माझी बाहेरची डिस्क लावली. फाइली दिसतात, पण मॅकला त्यावर लिहिता येईना. ती डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची. डिस्क रिकामी करून एक्सफॅट पद्धतीने नव्याने तयार केली, आता तिन्हीकडे लिहिता-वाचता येतं. मॅकवरून आलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलीमागे टिंबाने सुरू होणारी एक चिमुकली फाइल असते. मिंटमध्ये ती दिसत नाही, विंडोजमध्ये दिसते. नवऱ्याला वाटलं व्हायरस शिरला.

शेवटी डिस्क फिरवण्याचा कंटाळा आला तेव्हा लेकीने चारही यंत्रांवर लोकलसेंड टाकलं. एकाच वायफायवर असलं की फाइल इकडून तिकडे जाते, इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही. आमचा जुना प्रिंटर मिंटशी बोलत नाही, त्यावरही हाच उपाय निघाला. नाना पीडीएफ करून नवऱ्याच्या डेस्कटॉपवर पाठवतात आणि आतून हाक मारतात, "अरे, आलं का रे माझं? दोन प्रती काढ."

हे लिहितेय तेव्हा नोव्हेंबर संपत आलाय. माझा मिंटचा वापर आठवड्यातले चार दिवस, कॉलेजचं एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं म्हणून बाकीचे दिवस तिकडे. लेकीच्या मॅकवर बसले की माझी बोटं अजून कंट्रोल दाबतात, कमांड नाही.

नानांनी ओव्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्यात. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर बहुतेक मजकूर आणतं, पण 'दऱ्या'चा 'दर्या' करतं आणि 'गोऱ्या'चं काहीतरी विचित्र. त्यामुळे ते पीडीएफ एका बाजूला आणि नवी फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न ओळ ताडून बघतात. ऱ्य साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, हे त्यांनी मला शिकवलं. रोज दोन पानं. काल चौदावी फाइल संपली. नवीन कालनिर्णय आणलं त्या दिवशी त्यांनी १३ ऑक्टोबरच्या चौकटीत पेन्सिलने 'याचा डेस्कटॉप' असं लिहून ठेवलंय.